टेबलाला नवा रंग द्या, पण जुना रंग कोरडा घासू नका

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत रंगाचा वास सुटतो. 14 एप्रिलच्या आधी भिंतींना चुना लागतो, दाराला ऑइल पेंट लागतो आणि उरलेल्या रंगात घरातली एखादी मांडणी, पलंग नाहीतर मुलांचे अभ्यासाचे टेबलही रंगून निघते. घर उजळ दिसावे ही हौस चांगलीच आहे. रंगाऱ्याची मजुरी वाचते, जुने सामान आणखी दहा वर्षे टिकते. पण लाकडी सामान रंगवताना खरा धोका नव्या रंगापेक्षा जुना रंग काढताना जास्त असतो. तो कसा ओळखायचा आणि कसा टाळायचा, एवढेच आपण या पाठात शिकणार आहोत.

आधी आमच्या घरातली गोष्ट

तीन वर्षांपूर्वी आमची थोरली मुलगी दहावीत गेली. तिला बसायला जागा हवी म्हणून जुन्या बाजारातून एक लाकडी टेबल आणले. टेबल मजबूत होते, पण रंगाचे पोपडे निघालेले. वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याच्याही खाली लालसर. एका रविवारी पॉलिश पेपर आणला आणि घासायला बसलो. गल्लीत जागा नव्हती, म्हणून खोलीतच घासले. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता, तिथेच लुडबुड करत होता. संध्याकाळपर्यंत चटईवर, हंड्यावर, भाकरीच्या टोपलीवर हिरवी-पिवळी पूड बसली. झाडूने झाडून काढली आणि रात्री त्याच चटईवर सगळे झोपलो.

पुढच्या काही आठवड्यांत धाकट्याची भूक गेली. पोट दुखते म्हणून रडायचा, शौचाला खडा व्हायचा, कारण नसताना चिडायचा. दात येत असतील असे आम्हाला वाटले. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "घरात इतक्यात काही रंगकाम केले का?" रक्त तपासायला सांगितले. रक्तात शिसे वाढलेले निघाले. ते त्या टेबलामुळेच वाढले असे डॉक्टर बाईंनीही म्हटले नाही, कारण शिसे अंगात येण्याच्या वाटा अनेक आहेत. पण त्यातली एक वाट आम्ही स्वतःच्या हातांनी उघडली होती. त्यानंतर घर ओल्या फडक्याने पुसत राहिलो, खाण्याकडे लक्ष दिले. पुढच्या तपासणीत आकडा उतरला.

एका लेकराच्या अभ्यासासाठी आणलेले टेबल दुसऱ्या लेकराच्या डोक्यावर बेतायला नको. म्हणून हा पाठ लिहितो आहोत.

रंगात शिसे कुठून येते?

शिसे हा जड धातू. त्याची संयुगे रंगात घालण्याची चाल फार जुनी आहे. पांढरा सफेता, शेंदूर, क्रोम पिवळा हे सगळे शिशाचे रंग. क्रोम पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो. म्हणून जुन्या ऑइल पेंटमध्ये पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा या रंगांत शिसे जास्त सापडते. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे घालत, त्यामुळे जुना पांढरा रंगही निर्धोक समजू नये.

आपल्या देशात यावर कायदा झाला आहे. 1 नोव्हेंबर 2016 ला केंद्र सरकारने नियम जाहीर केले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून ते लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असे हे नियम सांगतात. पण कायद्याआधी लागलेला रंग आपल्या पलंगावर, दारावर, मांडणीवर अजून तसाच आहे. नुसते पाहून किंवा वास घेऊन शिसे ओळखता येत नाही. म्हणून एक साधा हिशेब ठेवा. सामान 2018 च्या आधीचे असेल, किंवा कधीचे आहे ते माहीत नसेल, तर त्यावरचा रंग शिशाचा आहे असेच धरून चालायचे.

शिसे शरीरात जाऊन काय करते?

लाकडाला घट्ट चिकटलेला रंग आपोआप अंगात जात नाही. तो कोरडा घासला, खरवडला किंवा जाळला की त्याची बारीक धूळ आणि धूर होतो. धूळ जमिनीवर बसते. लहान मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते, खेळणी चोखते. धूळ त्याच्या पोटात जाते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की एकाच ठिकाणाहून पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषू शकते. मूल उपाशी असेल, त्याच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त शोषले जाते. आपल्या वस्त्यांत रक्त कमी असलेली मुले किती आहेत ते आपण जाणतोच. म्हणजे ही धूळ आपल्या मुलांना जास्त बाधते.

शिशाचा पहिला घाव मेंदूवर बसतो. लक्ष लागत नाही, पाठांतर राहत नाही, मूल चिडखोर होते, शिकण्यात मागे पडते. मेंदूला झालेली ही हानी पुढे भरून निघत नाही. रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे, असे अजून कोणालाही सांगता आलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दर डेसिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले, तर ते कुठून येते ते शोधून ती वाट बंद करायला हवी. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने 2020 साली काढलेल्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात एवढे किंवा याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला आहे.

अवघड गोष्ट ही की बहुतेक मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही. मूल 'हूड आहे', 'अभ्यासात ढ आहे' असे म्हणून आपण त्यालाच बोल लावतो.

शिसे हाडांत आणि दातांत साठते. बाई गरोदर राहिली की हाडांतले शिसे पुन्हा रक्तात उतरते आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. म्हणून गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने जुना रंग काढण्याच्या कामाला हातच लावू नये.

काम सुरू करण्याआधी ठरवा

सामान उजेडात ठेवून नीट पाहा. मग तीनपैकी एक रस्ता धरा.

1. रंग घट्ट आहे, फक्त मळका आणि फिका झाला आहे: तो काढूच नका. धुवा, ओला पेपर हलका फिरवा आणि त्यावरच नवा रंग द्या. जुना रंग खाली बंद होऊन जातो. सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात सुरक्षित रस्ता हाच.

2. काही ठिकाणी पोपडे आहेत: तेवढेच सुटे पोपडे ओले करून काढा. सगळा रंग लाकडापर्यंत उतरवण्याचा हट्ट नको.

3. सगळीकडे रंग सुटला आहे, किंवा तो बाळाचा पाळणा, लाकडी गाडा अथवा खेळणे आहे: मूल पाळण्याची कड चावते, गाडा तोंडात घालते. असे जुने रंगीत सामान बाळासाठी वापरू नका.

सामान टाकायचे ठरले तर चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नका. रंगीत फळी जळते तेव्हा शिसे धुरात आणि राखेत उतरते. त्या राखेने भांडी घासली तर ते भांड्यांवरही येते. बत्तीने किंवा स्टोव्हने रंग भाजून काढणे याच कारणाने वाईट.

लागणारे सामान

जाड प्लॅस्टिक किंवा जुनी ताडपत्री, 180 आणि 320 नंबरचा वॉटर पेपर, पाणी फवारायची बाटली, दोन बादल्या, कपडे धुण्याचा साबण, जुने सुती फडके, रबरी हातमोजे, एन-95 मास्क, लाकडाचा प्रायमर, रंग आणि ब्रश. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-95 मास्क धूळ अडवतो, पण थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी मोकळी हवाच हवी.

रंग कोणता घ्यावा?

डब्यावर कंपनीचे नाव, पत्ता, बनवल्याची तारीख आणि शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा मजकूर आहे का ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. दुकानात सुटा ओतून मिळणारा, लेबल नसलेला रंग स्वस्त पडतो, पण तो घेऊ नका. कामाच्या साइटवरून उरलेला रंग घरी आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो यंत्राचा, गाडीचा किंवा लोखंडी कामाचा रंग असू शकतो, आणि घरगुती रंगाचे नियम कारखान्यात वापरायच्या रंगांना लागू नाहीत. असा रंग घरात नको.

जमल्यास पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या. त्याला थिनर किंवा टर्पेन्टाइन लागत नाही, वास कमी येतो, ब्रश पाण्याने धुता येतो. एका खोलीच्या घरात हा फरक मोठा आहे.

काम कसे करायचे?

1. जागा: काम खोलीत करू नका. गच्ची, मोकळे अंगण किंवा गल्लीचा मुले नसलेला कोपरा निवडा. गल्लीत इतरांचीही लेकरे खेळतात. शेजाऱ्यांना आधी सांगा, मुले शाळेत असतील ती वेळ धरा. सार्वजनिक नळ आणि पाण्याची पिंपे जवळ नसावीत. खाली प्लॅस्टिक अंथरा आणि त्याच्या कडा वर दुमडा. वारा जोराचा असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

2. धुणे: साबणाच्या पाण्याने तेलकटपणा आणि मळ काढा. मळावर रंग धरत नाही.

3. ओले घासणे: हातभर जागेवर पाणी फवारा आणि 180 नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवा. जागा सुकू लागली की पुन्हा फवारा. धूळ उडता कामा नये, चिखलासारखा लगदा व्हायला हवा. तो लगेच फडक्याने पुसा. सुटे पोपडेही ओले करूनच पत्र्याच्या पट्टीने उचला. पूर्ण रंग गेला पाहिजे असे नाही. जुन्या रंगाची चकाकी मेली आणि हाताला खरखरीत लागले की पुरे.

4. सुकवणे: लाकूड पाणी पिते, म्हणून एक-दोन दिवस चांगले वाळू द्या. ओल्या लाकडावर दिलेला रंग फुगतो. हे काम पावसाळ्यात करू नये.

5. लांबी: भोके, भेगा लाकडाच्या तयार लांबीने भरा. वाळल्यावर 320 नंबरच्या पेपरने, पुन्हा ओलेच घासा.

6. प्रायमर आणि रंग: प्रायमरचा एक हात द्या. तो वाळला की रंगाचे दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर तो वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि ओघळतो. दोन हातांमध्ये किती वेळ जायला हवा ते डब्यावर लिहिलेले असते, तेवढे थांबा.

7. वापर: हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असे नाही. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, टेबल मोकळ्या हवेत राहू द्या. मगच मुलांना बसू द्या.

थिनर आणि आग

तुम्ही तेलाचा रंग वापरत असाल तर आणखी जपावे लागते. थिनर आणि टर्पेन्टाइनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्वाळेपासूनही पेट घेते. रंग सुरू असताना गॅस, स्टोव्ह, बिडी बंद. वंदनेची मेणबत्ती आणि अगरबत्तीही त्या वेळी त्या जागेजवळ लावू नका. डोके जड झाले, मळमळले, गरगरले तर काम थांबवून मोकळ्या हवेत जा.

टर्पेन्टाइन, अळशीचे तेल किंवा तेलाचा रंग लागलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

थिनर थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. मूल पाणी समजून पिते. तसे झालेच तर उलटी करवू नका. उलटी होताना थिनर फुप्फुसात उतरते आणि जिवावर बेतते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालयात जा.

काम झाल्यावर

झाडू मारू नका. प्लॅस्टिक आतल्या बाजूला गुंडाळा. जमीन साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. हात-तोंड धुतल्याशिवाय पाणी पिऊ नका, लेकराला उचलू नका.

लगदा, पोपडे, वापरलेले पेपर आणि फडके पिशवीत घट्ट बांधून ठेवा. 2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. सफाई कामगाराला ही पिशवी वेगळी द्या आणि आत काय आहे ते सांगा. तोही आपलाच माणूस आहे, त्याच्या हातात न सांगता विष देऊ नये. लगदा नालीत ओतू नका.

रंगाच्या रिकाम्या बादल्या आपल्याकडे घरोघर दिसतात. त्यांत पिण्याचे पाणी, पीठ, धान्य ठेवू नका.

रंगकाम करणाऱ्या बांधवांसाठी

आपल्यातले कितीतरी बांधव नाक्यावर उभे राहून रंगकामाला जातात. दिवसभराची धूळ कपड्यांवर, केसांत, चपलांवर घरी येते. बाप घरात आला की लेकरू धावत येऊन त्याला बिलगते. आधी कपडे बदला, हात, तोंड आणि केस धुवा, मग लेकराला जवळ घ्या. कामावर जेवण्याआधी आणि बिडी-तंबाखूआधीही साबणाने हात धुवा. ठेकेदाराकडे मास्क आणि वॉटर पेपर मागा. ते मागण्यात कमीपणा नाही.

आधीच कोरडे घासून झाले असेल तर?

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. घरातली जमीन, खिडकीच्या कडा, मांडणी आजच ओल्या फडक्याने पुसा आणि काही दिवस रोज पुसा. चटया, चादरी, मुलांची खेळणी धुवा. मुलांचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी धुवा. घरात सहा वर्षांखालचे मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना रंगकामाबद्दल आपणहून सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी हवी का ते विचारा. आपण सांगितले नाही तर त्यांना कळणार कसे?

मुलांना उपाशी ठेवू नका. नाचणीची भाकरी, मेथी, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, अंडी, दूध आणि जेवणासोबत लिंबू किंवा आवळा द्या. अन्नाने अंगात गेलेले शिसे निघून जात नाही, पण लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले की नवे शिसे कमी शोषले जाते. शिसे उतरवण्याचे म्हणून कोणी भस्म किंवा चूर्ण दिले तर घेऊ नका. काही भस्मांत शिसेच सापडले आहे.

पाठाची उजळणी

हे प्रश्न घरात सगळ्यांना विचारा. विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत हा पाठ वाचून दाखवला तर तिथेही विचारा.

1. टेबलावरचा जुना रंग घट्ट असेल तर काय करायचे? (काढायचा नाही. धुऊन, ओला पेपर फिरवून त्यावरच नवा रंग द्यायचा.)

2. जुना रंग कोरडा का घासू नये? (धुळीतून शिसे मुलांच्या पोटात जाते आणि मेंदूला इजा करते.)

3. रंगीत फळी चुलीत का घालू नये? (शिसे धुरात आणि राखेत येते.)

4. मुलाने थिनर प्यायले तर? (उलटी करवायची नाही. बाटलीसह तडक रुग्णालय.)

5. झाडू की ओले फडके? (ओले फडके.)

आमचे ते टेबल आजही घरात आहे. नंतर ते गच्चीवर नेले, उरलेला रंग ओला करून घासला, प्रायमर दिला आणि त्यावर पाण्याच्या इनॅमलचे दोन हात दिले. थोरलीची दहावी त्याच टेबलावर झाली. आता धाकटा त्यावर पाटी ठेवून बाराखडी गिरवतो. यंदा तुमच्या घरात रंगाचा डबा उघडाल तेव्हा आधी पाण्याची बादली भरून घ्या आणि लेकरांना बाहेर पाठवा. बाकीचे काम सोपे आहे.